हात लागलेलं पिल्लू

चिमणीच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात, हे ऐकल्याशिवाय मराठी घरात कुणी मोठं झालेलं नसेल. हे वाक्य बहुतेक वेळा आजी उच्चारते आणि तोवर उशीर झालेला असतो. पिल्लू नातवाच्या ओंजळीत आलेलं असतं. आता ते घरट्यात परत ठेवण्यात अर्थ नाही, असं ठरतं. मग बुटांचं खोकं येतं, कापूस येतो, दुधात कुस्करलेली पोळी येते. शेजारपाजारची पोरं बघायला जमतात. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी परसात छोटासा खड्डा खणला जातो.

पिल्लू कुणी मारलं याचा तपास केला तर चिमण्या निर्दोष सुटतात. पक्ष्यांना वास अजिबात येत नाही असं नाही. काही समुद्रपक्षी तर मैलोगणती वासावर अन्न शोधतात. पण माणसाच्या हाताचा वास आला म्हणून स्वतःचं पिल्लू टाकून देणं हे पक्ष्यांच्या स्वभावात नाही. आई-बाप पिल्लू ओळखतात ते जागेवरून, आवाजावरून आणि वासलेल्या चोचीवरून. पक्षी-अभ्यासक घरट्यातली पिल्लं हातात घेऊन, त्यांच्या पायात कडी चढवून, वजन करून परत ठेवतात आणि थोड्याच वेळात आई चोचीत अळी घेऊन हजर होते. जगभर हे काम शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. हात लागल्याने पिल्लं टाकली जात असती, तर हा अभ्यास पहिल्याच मोसमात बंद पडला असता. आपल्या दारातला पुरावा हवा असेल तर कावळ्याकडे पाहावं. त्याच्या घरट्यात वाढणारं कोकिळेचं पोर परक्या जातीचं असूनही तो ते उडेपर्यंत भरवतो.

मग ही समजूत आली कुठून? माझा अंदाज असा की, ती चिमण्यांच्याच एका खऱ्या वागण्यावर उभी आहे. जोडीतला नर मेला किंवा हुसकावला गेला की नवा नर कधीकधी आधीची पिल्लं टोचून बाहेर फेकतो. लोकांनी ते पाहिलं असणार, आणि पोरांनी घरट्याला हात लावू नये म्हणून कारण जोडून दिलं असणार. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे पिल्लू घरट्यात परत ठेवण्याचा सगळ्यात सोपा उपाय सगळ्यात आधी बाद झाला.

पिल्लं पडण्याचे मोसम आमच्याकडे, सातारा-सांगलीत, दोन. पहिला वळवाचा. एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापतं, चारच्या सुमाराला आभाळ काळं होतं, वावटळ उठते आणि अर्ध्या तासात होल्यांची, साळुंक्यांची, कावळ्यांची घरटी जमिनीवर येतात. होल्याचं घरटं म्हणजे मुळात चार काड्या. वाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. त्याच दिवसांत माण, आटपाडी, जतकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या वळचणीतली चिमण्यांची पिल्लं उष्म्याने स्वतःच बाहेर उड्या टाकतात. दुसरा मोसम पावसाळ्याचा. तेव्हा जुन्या चिंचा-पिंपळांवर गायबगळे, ढोकऱ्या, पाणकावळे यांच्या वसाहती भरतात आणि एका मोठ्या सरीत खाली पिल्लांचा सडा पडतो.

खरं तर सातारा आणि सांगली हा पक्ष्यांच्या दृष्टीने एक प्रदेश नाहीच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर दहिवडी-आटपाडीकडे पाचशेचीही खात्री नाही. पश्चिमेच्या जंगलात बुलबुल, तांबट अशा पक्ष्यांना मुसळधार पावसाआधी पिल्लं उडवायची घाई असते. पूर्वेच्या माळावर उलटा हिशेब. तिथे सुगरण, मुनिया, वटवट्या पावसाचीच वाट पाहतात, कारण गवत वाढलं, किडे झाले, की मगच पिल्लांना घालायला काही मिळतं. मधला कृष्णाकाठ, म्हणजे वाई-कराडपासून वाळवा-पलूस-मिरजेपर्यंतचा पट्टा, बारमाही बागायती. तिथे होले आणि चिमण्या जवळपास कुठल्याही महिन्यात अंडी घालतात. म्हणून पिल्लू सापडलं की ते कुठे आणि कुठल्या महिन्यात सापडलं, यावरूनच ते कशाचं असेल याचा निम्मा अंदाज बांधता येतो.

वारा, ऊन आणि पाऊस यांच्यावर आपला इलाज नाही. कुऱ्हाडीवर आहे. गावोगावी 'धोकादायक फांद्या' तोडण्याची मोहीम मे महिन्यात निघते. पावसाआधी फांद्या उतरवणं गरजेचं, हे मान्य. पण घरटी सगळ्यात जास्त भरलेली असतात ती नेमकी तेव्हाच. तेच काम दिवाळीनंतर करता येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत जंगली पक्ष्याचं घरटं किंवा अंडी यांना उपद्रव देणं हीसुद्धा शिकारच आहे, आणि शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानगी लागते. २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी चिंचेचं झाड पाडलं, तेव्हा त्यावरच्या वसाहतीतली पिल्लं रस्त्यावर आपटून मेल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि गुन्हे दाखल झाले. आपल्याकडे मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. २०२० मध्ये लोक आडवे उभे राहिले आणि रस्त्याची आखणी वळवून तो वाचवला. पुढे २०२२ मध्ये तो आपणहून कोसळला, ती गोष्ट वेगळी. अशा एका वडावर किती पिढ्या घरटी करून गेल्या असतील, हे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आता पिल्लू समोर आहे असं धरू. ते उचलण्याआधी पाहायचं ते त्याच्या अंगाकडे. उघडं अंग, मिटलेले डोळे, किंवा पंखांच्या जागी नुसत्या निळसर नळ्या असतील तर ते घरट्यातून पडलेलं आहे आणि त्याला मदत लागणार. पण अंगावर पिसं आली आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, हात पुढे केला तर पळतंय, तर ते अनाथ नाही. ते शाळेत चाललंय. साळुंकी, बुलबुल, दयाळ यांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि काही दिवस झुडपांतून, कुंपणातून फिरतात. आई-बाप आसपासच असतात आणि त्यांना खाऊ आणून देतात. माणूस जवळ उभा असेपर्यंत ते येत नाहीत, आणि माणसाला वाटतं, याला कुणीच नाही. 'वाचवून' आणलेल्या पिल्लांत अशांचा भरणा मोठा असतो. त्यांना उचलून जवळच्या झुडपात ठेवायचं, मांजर-कुत्रं आवरायचं आणि लांब जायचं, एवढंच आपलं काम. कावळ्याचं पोर असेल तर कावळे डोक्यावर टोचा मारून हे काम आपल्याला समजावून सांगतातच.

उघड्या अंगाचं पिल्लू परत त्याच घरट्यात गेलं पाहिजे. घरटं हाताशी नसेल किंवा मोडलं असेल तर नवं करायचं. परडी, नारळाची करवंटी, तळाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, काहीही चालतं. आत सुकं गवत घालायचं आणि मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत, घट्ट बांधायचं. भोकं विसरायची नाहीत, नाहीतर पुढच्या सरीत पिल्लं बुडतात. मग तास-दोन तास लांबून, खिडकीच्या आडून पाहायचं. पिल्लू ओरडू लागलं की बहुतेक वेळा आई येते. घुबडाची पिल्लंही अशीच खोक्यातून उंचावर परत देता येतात. त्यांचे आई-बाप अंधार पडल्यावर येतात, म्हणून तिथे रात्री थोडा धीर धरावा लागतो. याला कौशल्य फारसं लागत नाही, शिडी आणि सवड लागते. तरी लोक याऐवजी पिल्लू घरी न्यायला उत्सुक असतात, कारण भरवण्यात जो आनंद आहे तो डबा बांधण्यात नाही. मला यात लोकांचा राग येत नाही. पण पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर आई दिवसाला शेकडो खेपा घालते आणि आपल्याला दुपारी डुलकी लागते.

आई-बाप मेले आहेत, पिल्लू मांजराच्या तोंडातून सोडवलं आहे किंवा झाडच उरलेलं नाही, अशा वेळी मात्र हाताने वाढवण्याला पर्याय नसतो. यात पहिली गोष्ट ऊब, खाणं नव्हे. गार पडलेल्या पिल्लाचं पचन थांबलेलं असतं; त्याच्या पोटात घातलेलं अन्न तसंच पडून आंबतं. उघड्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. खोक्याच्या एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवली की निभतं. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे जास्त झाल्यास त्याला सरकता येतं. बसायला वाटीसारखा खोलगट बिछाना हवा. सपाट, गुळगुळीत कागदावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. मांजराच्या दाताची जखम कितीही बारीक दिसली तरी तिथून गेलेले जंतू पिल्लाला एक-दोन दिवसांत मारतात, म्हणून अशा पिल्लाला त्याच दिवशी पशुवैद्याकडून प्रतिजैविक मिळायला हवं.

दुसरी गोष्ट पाणी, म्हणजे ते न देणं. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडणं हे घरोघरी केलं जाणारं सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक काम. पिल्लाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. पाणी सरळ फुप्फुसात जातं. घरट्यातल्या पिल्लाला आई पाणी पाजत नाही, ओलाव्यासाठी अळी पुरते. दूध तर नकोच. दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्यांच्या पोटात नाही. पोळी, भात, बिस्किट यांनी पोट भरतं आणि पिल्लू वाढत नाही.

भरवायचं काय, हे मोठ्या पक्ष्याकडे पाहून ठरवलं की फसगत होते. चिमणी दाणे खाते, सुगरण दाणे खाते, पण दोघी पिल्लांना मुख्यतः किडेच आणून घालतात, कारण पिसं-हाडं बांधायला प्रथिनं लागतात. साळुंकी, बुलबुल, चिमणी यांच्या पिल्लांना नाकतोडे, अळ्या, उकडलेलं अंडं, भिजवून मऊ केलेलं मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाद्य असं तात्पुरतं चालतं. रेशीम शेती करणारा कुणी ओळखीचा असेल आणि त्याच्याकडच्या अळ्या मिळाल्या तर उत्तमच. पण तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात बांधावरचे किडे गोळा करून घालू नयेत. तिथे औषध फवारल्याशिवाय एक आठवडा जात नाही आणि किड्यातलं विष पिल्लात उतरतं. अगदी लहान पिल्लाला सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी घास लागतो. रात्री नाही. घास दिला की ते पाठ फिरवून पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेली शीट टाकतं. आई ती उचलून लांब नेते, आपण चिमट्याने उचलायची. शीट वेळेवर आणि नीट बांधलेली येत असेल तर आपलं बरं चाललंय असं समजावं.

होल्या-कबुतराच्या पिल्लासमोर मात्र हे सगळं ज्ञान फुकट जातं. ते चोच वासतच नाही. लोक म्हणतात, खातच नाही हो, आणि चिमट्याने जबडा उघडू पाहतात. कबुतराच्या कुळात रीत उलटी आहे. पिल्लू आपली चोच आई-बापाच्या तोंडात खुपसतं आणि आतून पिऊन घेतं. पहिले काही दिवस ते पितं ते दाण्यांचं काही नव्हेच. आई आणि बाप दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा, प्रथिनं-चरबीने भरलेला पदार्थ सुटतो. त्याला कबुतराचं दूध म्हणतात, पण गाईच्या दुधाशी त्याचं नातं नाही. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक मात्र दोन्हीकडे तेच. पक्ष्यांत ही सोय फार थोड्यांकडे आहे. मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरतात, ते त्यांतले एक. अर्थात त्यांची पिल्लं इथे होत नाहीत, म्हणून ती कुणाला अंगणात सापडण्याची भीती नाही. होल्याचं पिल्लू वाढवणारे जाणकार रुंद सिरिंजचं टोक कापतात, तोंडावर चीर पाडलेलं रबर ताणून बसवतात आणि आत कोमट पातळ खाद्य भरून पिल्लाला स्वतः चोच खुपसू देतात. पिल्लू मग असं ढोसतं की हात मागे ढकलला जातो. गळ्याची पिशवी मऊ भरली की थांबायचं आणि ती पूर्ण रिकामी होईपर्यंत पुन्हा काही द्यायचं नाही.

घुबडाचं पिल्लू सापडतं ते जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा साखर कारखान्याच्या गोदामात. गव्हाणी घुबडाची पिल्लं पांढरट लवेची, तोंड बदामासारखं, आणि जवळ गेलं की सापासारखी फुत्कारतात. त्यांना भुताचं पोर, अपशकुन समजून फेकून देणारे अजून आहेत; ज्या गावात उसातल्या उंदरांनी शेतकरी हैराण आहे, त्याच गावात. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत पुण्याच्या इला फाउंडेशनने घुबड महोत्सव सुरू केला तो ही भीती घालवण्यासाठीच. घुबडाला मांस लागतं हे लोकांना माहीत असतं, म्हणून ते चिकनचे बोनलेस तुकडे घालतात. पिल्लू आवडीने खातं, अंगाने भरतं आणि त्याची हाडं आतून वाकू लागतात, कारण स्वच्छ मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. रानात ते अख्खा उंदीर हाडं-केसांसकट गिळतं आणि न पचलेलं गोळी करून ओकतं. घारीच्या पिल्लाचीही हीच कथा. किचनमध्ये उंदीर साठवायची तयारी नसेल तर हे पिल्लू आपलं नाही, त्याच दिवशी पुढे पाठवावं.

टिटवी, तितर, मोर यांची पिल्लं याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. अंड्यातून निघताक्षणी डोळे उघडे, अंगावर लव, काही तासांत पळतात आणि स्वतः टिपून खातात. टिटवीने अंडी कुठे घातली यावरून पाऊस सांगणारे लोक तिचं घरटं शोधून ठेवतात, त्यामुळे ती तशी सुरक्षित असते. नांगरटीत मोराची अंडी सापडली की गावठी कोंबडीखाली ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पिल्लं निघतातही. पण ती कोंबडीला आई मानतात आणि उकिरड्यावर तिच्यामागे फिरतात.

इथे कोनराड लॉरेन्झ आठवतो. या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दाखवून दिलं की हंसकुळातली पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलतं-बोलतं प्रथम दिसेल त्यालाच आई समजतात. त्याच्यामागे पिल्लांची रांग चालायची. १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचे फोटो गोड आहेत, पण अशा पिल्लाचं पुढे काय होतं हा प्रश्न फोटोत येत नाही. माणसाला आपलं समजणारा पक्षी मोठा झाला की जोडीदार म्हणूनही माणूसच शोधतो, आणि मांजराला भीत नाही. गाणाऱ्या पक्ष्यांत आणखी एक नुकसान होतं. गाणं त्यांना मोठ्यांकडून ऐकून शिकावं लागतं. एकट्याने वाढलेल्या नराचं गाणं कच्चं राहतं. सांगलीचे शरद आपटे वर्षानुवर्षं पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करत आले आहेत. असे आवाज ऐकले की एकाच पक्ष्याच्या बोलण्यात किती प्रकार असतात ते कळतं, आणि ते सगळं आपण खोक्यातल्या पिल्लाला कुठून शिकवणार? म्हणून जाणकार पिल्लू वाढवताना त्याच्याशी बोलत नाहीत, नाव ठेवत नाहीत, आणि जमलं तर त्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लाबरोबर ठेवतात.

सोडतानाही घाई चालत नाही. पंख फुटले म्हणून गच्चीवरून भिरकावलेलं पिल्लू संध्याकाळी कावळ्याच्या चोचीत दिसतं. आधी मोठ्या जाळीच्या खोलीत उडण्याचा सराव, मग स्वतः किडे टिपता येतात का हे पाहणं, मग दार उघडं ठेवून काही दिवस बाहेरही खाणं मांडणं. जागा निवडताना लोकांना अभयारण्य सुचतं. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालेलं सागरेश्वर सांगलीकरांना जवळ पडतं. साताऱ्याचे लोक कासकडे निघतात. पण चिमणी ही बाजारपेठेची, साळुंकी वस्तीची. त्यांना अनोळखी रानात सोडणं म्हणजे सांभाळून वाढवून पुन्हा अनाथ करणं. जिथे सापडलं तिथेच, आपल्या जातीच्या थव्याजवळ सोडावं.

पोपटाच्या बाबतीत मात्र बहुतेकांना सोडायचंच नसतं. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ढोलीतून पिल्लं काढून विकणारे फिरतात आणि 'आईने टाकलं होतं' असं सांगून घेणारे घेतात. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. कुठलाही जंगली पक्षी, दयेने उचललेला असला तरी, कायद्याने सरकारी मालमत्ता ठरतो आणि तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांत वनाधिकारी किंवा पोलिस ठाण्याला कळवावं लागतं. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. सांगलीत २००३ पासून काम करणारी 'ॲनिमल राहत' ही संस्था मुळात उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांसाठी सुरू झाली, पण विहिरीत पडलेल्या जनावरांपासून मांज्यात अडकलेल्या पक्ष्यांपर्यंत तिला बोलावणी येतात. पुण्याच्या बावधनला 'रेस्क्यू' संस्था आणि वनविभाग मिळून वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र चालवतात. फोन करताना पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी बिघडत नाही, फोटो पाठवता येतो. जागा मात्र नेमकी सांगावी: कुठला चौक, कुठलं झाड, कुठल्या बाजूची फांदी. कारण पलीकडचा माणूस जाणता असेल तर तो पिल्लू न्यायला यायच्या आधी तुम्हाला विचारणार आहे की, घरट्यापर्यंत शिडी पोहोचते का.